स्कूटरची रांग नेमकी किती लांब होती? आकुर्डी, सातारा आणि आपलं सव

"बजाजची स्कूटर नंबर लावल्यावर दहा वर्षांनी मिळायची." हे वाक्य तुम्ही घरात कुणाकडून तरी ऐकलंच असेल. आजोबा सांगतात, मामा सांगतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका सांगतात. बहुतेक वेळा वाक्य तिथंच संपतं आणि सगळे हसतात.

आज मी तुम्हाला हे वाक्य जरा उलटंसुलटं करून बघायला सांगणार आहे. संशोधनाची तयारी करताना आपण मोठे विषय शोधत बसतो, आणि असं एखादं रोजचं वाक्य हातातून निसटतं. माझं स्वतःचं पीएचडीचं काम छोट्या इंजिनांच्या धुरावर आहे. म्हणजे मी विज्ञानाचा माणूस, इतिहासाचा नाही. पण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दल वाचता वाचता कळलं की इंजिन समजून घ्यायचं तर ते कुणाच्या हाती कधी आलं, हेही बघावं लागतं. आणि हे बघायला पुण्या-मुंबईपेक्षा सवसारखं गाव जास्त उपयोगी आहे. सव म्हणजे महाडजवळ, सावित्रीच्या काठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं आपलं गाव. सह्याद्रीच्या एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक आणि मध्ये घाट. प्रश्न विचारायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

आधी थोडी पार्श्वभूमी

स्कूटर ही मुळात युद्धानंतरच्या इटलीची गरज. पियाज्योचा पोन्तेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. रस्ते खराब, लोकांकडे पैसा कमी. कोर्रादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टरवर काम केलेल्या अभियंत्याने एक वेगळंच वाहन आखलं: पुढे पाय ठेवायला सपाट जागा, इंजिन झाकलेलं, साखळी नाही, कपडे खराब व्हायची भीती नाही. २३ एप्रिल १९४६ ला त्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. तीच व्हेस्पा. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंतीने लॅम्ब्रेटा आणली.

या दोघी भारतात आल्या त्या महाराष्ट्रातूनच, असं म्हटलं तरी चालेल. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा जुळवायला सुरुवात केली. दुसरीकडे बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १९४५ मध्ये स्थापन झालेली बजाज घराण्याची कंपनी १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी आयात करून विकत होती. १९५९ मध्ये तिला इथंच उत्पादन करायचा परवाना मिळाला, १९६० मध्ये ती बजाज ऑटो झाली, आणि पुण्याजवळ आकुर्डीला पियाज्योच्या परवान्याने व्हेस्पा तयार होऊ लागली. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये त्याच धाटणीची पण आपल्या नावाची स्कूटर बाजारात आली: चेतक.

आता आपल्या भागाशी जोडलेला भाग बघा. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी काढली. कारखाना साताऱ्याला. तिथली स्कूटर म्हणजे प्रिया. नकाशा उघडा. सवहून महाड, महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि तिथून खाली सातारा. म्हणजे स्कूटर बनत होती ती डोंगराच्या पलीकडे. तरी ती मिळायला वर्षं लागत होती. अंतर किलोमीटरचं नव्हतंच, ते कागदाचं होतं.

कागदाचं अंतर

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली किती माल काढायचा हे कंपनीने एकटीने ठरवायचं नसे, त्याला सरकारी परवाना लागे. १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला, मोठ्या उद्योगसमूहांना क्षमता वाढवणं आणखी अवघड झालं. आणि स्कूटर विकायची कशी, यासाठी तर १९६० चा खास स्कूटर वितरण आणि विक्री नियंत्रण आदेश होता. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, क्रमाने गाडी द्यायची, काही गाड्या सरकारी कोट्यासाठी राखून ठेवायच्या, अशी ही पद्धत. "नंबर लावणे" हा शब्दप्रयोग आपल्याकडे रुळला तो असा.

आकडे बघितले की चित्र स्पष्ट होतं. बजाज ऑटोची एक लाखावी गाडी बाहेर पडली १९७० मध्ये. म्हणजे पहिल्या लाखाला साधारण दहा वर्षं. १९७७ पर्यंत एका आर्थिक वर्षात एक लाख गाड्यांचा टप्पा गाठला गेला. १९८५-८६ मध्ये तो आकडा वर्षाला पाच लाखांवर गेला. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला होता.

आता मला सांगा, "दहा वर्षं थांबावं लागायचं" हे वाक्य यातल्या कुठल्या वर्षाचं? १९६८ चं की १९८६ चं? पहिली शिकवण इथेच आहे. तारीख नसलेलं विधान म्हणजे पुरावा नव्हे, ती फक्त आठवण. आठवण खोटी नसते, पण तिला वर्ष विचारावं लागतं.

रांगेचं गणित

विज्ञानवाल्यांना हा भाग आवडेल. रांगांच्या अभ्यासात लिटलचा नियम म्हणून एक साधा नियम आहे. जॉन लिटल याने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. स्थिर चालणाऱ्या रांगेत उभी असलेली सरासरी माणसं म्हणजे दर वर्षाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. समजा एखाद्या विक्रेत्याच्या वहीत १०,००० नावं आहेत आणि त्याला वर्षाला १,००० गाड्या मिळतात. तर शेवटच्या माणसाला साधारण दहा वर्षं. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी, कुठल्या खऱ्या वहीतले नाहीत.)

वाटतं की झालं, वही मिळाली की उत्तर मिळालं. पण थांबा. त्या वहीतली नावं म्हणजे खरोखर स्कूटर हवी असलेली माणसं होती का?

एका बाजूने वही फुगलेली. गाडी ठरलेल्या किमतीला मिळायची, पण बाहेर तीच जास्त भावाने विकली जायची. वरच्या पैशाला लोक "प्रीमियम" किंवा सरळ "ऑन" म्हणायचे. त्यामुळे घरातल्या चौघांच्या नावाने चार नंबर लावणारे होते. एक गाडी वापरायची, बाकीचे नंबर विकायचे.

दुसऱ्या बाजूने तीच वही आक्रसलेली. ज्याच्याकडे अनामत भरायला पैसे नव्हते, ज्याला विक्रेत्यापर्यंत पोचायला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागली असती, ज्याला दहा वर्षं ऐकूनच हसू आलं, तो वहीत कधी आलाच नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत हा नमुनाच छाटलेला आहे. त्याला कितीही बारकाईने मोजलं तरी जे बाहेर राहिले ते दिसणार नाहीत.

म्हणजे एकाच आकड्यात दोन उलट दिशांच्या चुका. त्या एकमेकींना खोडतील असं गृहीत धरू नका. मोठमोठ्या प्रबंधांमध्येही "प्रतीक्षा यादी, म्हणजे मागणी" असं सरळ लिहिलेलं सापडतं. तुम्ही तसं लिहू नका.

एका गावात दोन रांगा

आता सवला परत या. महाड आणि पोलादपूर हे मनीऑर्डरवर जगलेले तालुके. कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी सैन्यात, कुणी गोदीत. शिवाय सावित्रीच्या खाडीपट्ट्यातल्या अनेक कोकणी मुस्लिम घरांतले कर्ते पुरुष आखातात गेले.

स्कूटरच्या वाटपात परकीय चलनाची एक वेगळी वाट होती. परदेशातून आलेल्या चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची, कारण देशाला डॉलरची गरज होती. सैनिकांना कॅन्टीनची वाट होती. सरकारी नोकराला कोट्याची. आणि गिरणी कामगाराला? त्याला फक्त साधी रांग. तीही कधीपर्यंत, तर हातात पगार आहे तोपर्यंत. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक घरांचं चाक तिथेच थांबलं. माणसं गावी परत आली. अशा घरात दहा वर्षांपूर्वी लावलेला नंबर लागला असेल, तर तो घ्यायला पैसे होते का, की तो "ऑन" वर विकला गेला?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण "परवाना राज" म्हणतो तेव्हा सगळा देश एकाच रांगेत उभा होता असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात एकाच आळीत दोन शेजारी वेगवेगळ्या रांगेत होते. कोण कुठल्या रांगेत, हे जात, नोकरी, नातेवाईक कुठे गेलेत यावर ठरत होतं. उद्योगांच्या इतिहासात हे येत नाही, कारण तो कारखान्याच्या दारातून लिहिला जातो. सवच्या दारातून लिहिला तर येईल.

यंत्र हाही पुरावाच

कागद नसला की इतिहासवाले अडतात. आपण विज्ञानवाले अडायचं कारण नाही, कारण यंत्र समोर आहे.

चेतकचं इंजिन साधारण १४५ सीसीचं, टू-स्ट्रोक. यात वंगणाची वेगळी सोय नसते, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पंपावर "टूटी मारा" म्हणायचो ते हेच. आता ही गाडी घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरतोय असं समजा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ खाली. अंतर सुमारे ४० किलोमीटर. गाडी आणि दोन माणसं मिळून २३० किलो धरा, १,३०० मीटर उतार धरा. एम-जी-एच केलंत तर साधारण २९ लाख ज्यूल येतात. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये, इंजिनात आणि हवेत जायला हवी.

ब्रेक बिचारे छोटे, ड्रमचे. ते तापू नयेत म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. पण टू-स्ट्रोकमध्ये मूठ बंद म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन तर जोरात फिरतंय. परिणाम, पिस्टन कोरडा पडून जाम व्हायची भीती. म्हणून जाणता माणूस उतारावरही मधूनमधून मूठ पिळायचा. जुन्या चालकांना विचारा, "घाट उतरताना रेस का द्यायचात?" बरेच जण म्हणतील, "सवय." ती सवय म्हणजे पुस्तकात न लिहिलेलं अभियांत्रिकी ज्ञान आहे. मुलाखत घेताना "कसं वाटायचं" एवढंच विचारू नका, "हात काय करायचा" हेही विचारा. मुलाखतीचं वळण तिथे बदलतं.

मग चेतक थांबली कशाने?

बहुतेक जण सांगतात, प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मारली आणि चेतक गेली. पटण्यासारखं आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर ढकलण्याचं काम ताजं मिश्रण करतं, आणि त्यातलं बरंच न जळताच बाहेर निसटतं. वर जळकं ऑइल. तोच तो निळसर धूर. आपल्याकडे १९९१ पासून उत्सर्जनाचे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये ते कडक झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००२ मध्ये वाहन इंधन धोरणाचा अहवाल दिला.

पण कारण सांगताना एक कसोटी लावा: हे कारण नसतं तर काय झालं असतं? त्याचं उत्तर इतिहासातच आहे. १९९८ मध्ये बजाजनेच लेजंड ही फोर-स्ट्रोक स्कूटर काढली. म्हणजे धुराच्या प्रश्नावर तांत्रिक उत्तर हाती होतं. तरी गिअरच्या स्कूटरची घसरण थांबली नाही. का? कारण १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी करार करून आलेल्या १०० सीसीच्या मोटरसायकली कमी पेट्रोल पीत होत्या, आणि त्यांची मोठी चाकं खड्ड्यांत बरी पडत होती. दुसऱ्या बाजूने १९८४ ची कायनेटिक होंडा बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. पुढे होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली तीही बिनगिअरची. किक आणि हातातले गिअर गेल्यावर घरातल्या बायका-मुलींना गाडी चालवणं सोपं झालं, आणि "गाडी बाबांची" हे समीकरण मोडलं.

म्हणजे मेली ती स्कूटर नव्हे. मेली ती गिअरची, पुरुषाच्या हातातली, घरातली एकमेव स्कूटर. चेतकचं उत्पादन २००५ च्या अखेरीस थांबलं. २००६ मध्ये साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सचं उत्पादनही थांबलं. २००९ मध्ये बजाजने स्कूटर व्यवसायातून पूर्ण बाहेर पडायचं जाहीर केलं. आणि दहाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याच कंपनीने चेतक हे नाव विजेच्या स्कूटरला दिलं. दरम्यान व्हेस्पाही परत आली होती, २०१२ पासून ती पियाज्योच्या बारामतीच्या कारखान्यात बनू लागली.

एकच कारण सांगणारा लेख वाचायला छान लागतो. पण तीन-चार कारणं वेगळी काढून प्रत्येकाला "तू नसतास तर?" विचारणं, हे संशोधन.

आता घाई कसली?

तुम्ही म्हणाल, स्कूटरचा इतिहास कुठे पळून जातोय? जातोय. आपल्या भागात तर नक्कीच.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याआधी जुलै २००५ मध्येही तेच. दुकानांच्या वह्या, कपाटातली आरसी बुकं, अनामतीच्या पावत्या, गॅरेजमधले सुटे भाग, सगळ्याचा चिखल झाला. पुरानंतर घर साफ करताना माणूस आधी धान्य आणि अंथरूण बघणार, ४० वर्षांपूर्वीची पावती कोण वाळवत बसेल? त्यात जुनी गाडी भंगारात गेली की तिच्यासोबत कागदही जातात. ज्यांनी १९७० च्या दशकात नंबर लावला ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

म्हणून ज्यांना या विषयावर लहानसा प्रकल्प करायचाय, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, जुन्या कागदांत "रायगड" शोधू नका, "कुलाबा" शोधा. जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पासून बदललं. कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरची १९६४ ची आवृत्ती आहे, त्यातलं दळणवळणाचं प्रकरण आधी वाचा. स्कूटर येण्याआधीचे रस्ते, होड्या आणि एसटी त्यात सापडतील.

दुसरी, गाडीचा नंबर वाचायला शिका. "एमएच ०६" म्हणजे पेणच्या आरटीओची, रायगडची गाडी. ही पद्धत १९८९ नंतरची. तीन अक्षरांचा जुना नंबर दिसला तर गाडी त्याआधीची, आणि नोंदणी मुंबईची निघाली तर ती गावात कशी आली हा तुमचा पुढचा प्रश्न.

तिसरी, मुलाखतीत "किती वर्षं थांबलात?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: नंबर कुठे लावला, कुणाच्या नावाने, पैसे कुठून आणले, त्या वर्षी घरात आणखी काय घडलं? लग्न, पूर, संप, मुलाची दहावी, अशा खुणांवरून वर्ष पक्कं होतं. ज्यांनी स्कूटर घेतलीच नाही त्यांनाही भेटा. तुमच्या अभ्यासातला अर्धा भाग त्यांच्याकडे आहे.

चौथी, कागद मागू नका, फोटो काढायची परवानगी मागा. मूळ कागद घरातच राहू दे. नाव, पत्ता झाकून नोंद करा. गाव छोटं असतं, "ऑन" ने गाडी विकल्याची गोष्ट आजही कुणाला अडचणीची वाटू शकते.

जुन्या स्कूटर जपणारे, त्यांच्या फेऱ्या काढणारे गट आता बऱ्याच शहरांत आहेत. नवी मुंबईच्या आसपास पावसात होणारी गल्फ मान्सून स्कूटर रॅली तर अनेकांना माहीत आहे. ही मंडळी मूळ रंग, मूळ दिवे, मूळ स्टेपनी यांसाठी जीव टाकतात. त्यांच्याकडचं यंत्राचं ज्ञान पुस्तकांत सापडत नाही, जरूर भेटा. फक्त एक लक्षात असू द्या: चकचकीत केलेली गाडी सुंदर दिसते, पण तिच्यावरचे ओरखडे, बदललेला कार्ब्युरेटर, पाठीमागे दुधाचा कॅन अडकवायला वेल्डिंग केलेला हुक, हे सगळं त्यासोबत पुसलं जातं. आणि तो हुकच सांगत असतो की गाडी कशासाठी घेतली होती.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी गेलात, की पडवीत ताडपत्रीखाली काही उभं आहे का बघा. असलं तर आधी ते पुसू नका. आधी फोटो काढा, मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "हिचा नंबर कुणाच्या नावाने लावला होता?"